बॅटरी : उतरताना आणि भरताना

आमच्या जळगाव जामोदकडे पाऊस उघडला की उभे राहिलेले ट्रॅक्टर बाहेर निघतात. किल्ली फिरवावी तर नुसता ‘कट्’ आवाज! बॅटरी उतरलेली असते. ती चार्जिंगला लावली की कोणी तरी हमखास विचारतो, "सर, करंट उलटा जाते म्हणता, मंग प्लसचं मायनस नाही होत काय जी?"

प्रश्न चांगला आहे. हौदात पाणी असते तशी बॅटरीत वीज भरलेली नसते. तेथे साठते ती रासायनिक ऊर्जा. १८५९ साली गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचा घट बनविला, त्याचाच हा वंश. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, दोन्ही सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट. असे सहा ओळीने जोडले की १२ व्होल्टची बॅटरी झाली.

स्टार्टर फिरतो तेव्हा शिशाच्या प्लेटवरून, म्हणजे मायनसकडून, इलेक्ट्रॉन निघतात आणि तारेतून प्लसकडे पोचतात. एकीकडून जितके निघतात तितकेच दुसरीकडे जमा होतात. आम्लातून मात्र आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सरकतात व मंडल पुरे होते. प्रवाहाची दिशा इलेक्ट्रॉनच्या उलट धरण्याचा रिवाज आहे. म्हणून प्रवाह ‘प्लसकडून मायनसकडे’ असे आपण म्हणतो. या व्यवहारात दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते, आम्ल खर्ची पडते, पाणी वाढते. हायड्रोमीटरचा आकडा उतरतो तो यामुळेच.

चार्जर हा अधिक जोराचा गडी. प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून तो १४ व्होल्टांच्या घरात दाब लावतो आणि प्रवाह उलटा ढकलतो. इलेक्ट्रॉन शिशाच्या प्लेटवर परत येतात, सल्फेट मोडते, आम्ल पुन्हा तयार होते. दिशा फिरली, पण प्लेटा त्याच, म्हणून प्लस प्लसच राहतो. मोबाइलच्या लिथियम बॅटरीत रसायने निराळी, नियम हाच.

आता दोन गोष्टी गाठीशी बांधा. उतरलेली बॅटरी तशीच टाकून ठेवू नका. सल्फेटचे खडे घट्ट बसले की ते चार्जरलाही दाद देत नाहीत. दुसरी गोष्ट जिवाची : भरत आलेल्या बॅटरीत पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने स्फोटासारखा पेटतो. म्हणून जागा मोकळ्या हवेची हवी, आणि पाणी किती आहे ते पाहायला वाकताना तोंडात विडी नको, हातात काडी नको!