चालक, यंत्र आणि मासाओ फुरुसावा

जपानमधील मोतेगी येथे २८ सप्टेंबर २०२५ रोजी मार्क मार्केस याने मोटोजीपीचे, म्हणजे १००० घनसेंटिमीटर इंजिनाच्या खास शर्यतीसाठी बांधलेल्या मोटरसायकलींच्या जागतिक मालिकेतील सर्वोच्च गटाचे, सातवे अजिंक्यपद निश्चित केले. त्या दिवशीची शर्यत मात्र त्याचाच संघसहकारी फ्रान्चेस्को बान्याया याने जिंकली, आणि त्यामुळे चालक मोठा की यंत्र मोठे हा या खेळाइतकाच जुना वाद पुन्हा पेटला. दोघेही डुकाटीच्या मुख्य संघात होते आणि दोघांच्या गाड्या बाहेरून पाहणाऱ्याला सारख्याच दिसत होत्या. तरीही त्या हंगामात मार्केसने ११ मुख्य शर्यती जिंकल्या आणि बान्यायाला दोनच जिंकता आल्या. यंत्र समान असेल तर उरलेला सारा फरक चालकाचा, असा निष्कर्ष यावरून सहज निघतो. तो अपुरा का आहे, हे समजण्यासाठी शर्यतीचा निकाल एखाद्या प्रयोगाच्या निरीक्षणासारखा तपासावा लागतो.

वसई-विरारच्या पट्ट्यातील बागायतदाराला या प्रयोगातील मूळ अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ज्या राजेळी केळ्यांपासून येथील सुकेळी होतात ती एका वाडीत लावली आणि दुसऱ्या वाडीत वेलची केळी लावली, तर दोन्हींकडील उत्पन्नाच्या फरकात वाणाचा भाग किती आणि मातीचा व पाण्याचा भाग किती हे कोणत्याही गणिताने वेगळे काढता येत नाही, कारण दोन कारणे पहिल्यापासूनच एकमेकांत मिसळलेली असतात. ती सुटी करायची तर दोन्ही वाण दोन्ही वाड्यांत लावावे लागतात. तसे केल्यावर कधी कधी असे आढळते की एका वाडीत पहिला वाण सरस ठरतो आणि दुसऱ्या वाडीत तोच मागे पडतो. अशा वेळी कोणता वाण चांगला या प्रश्नाला वाडीचे नाव घेतल्याशिवाय उत्तरच नसते. दोन घटकांचे परिणाम नुसते एकमेकांत मिळवून एकूण परिणाम हाती येत नाही, तर एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून राहतो, या स्थितीला संख्याशास्त्रात आंतरक्रिया म्हणतात. भारतीय शेतीच्या प्रयोगांना ही शिस्त लावणाऱ्यांत विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे ही दोन नावे अग्रभागी येतात, आणि शेतीच्या संशोधकांसाठी त्या दोघांनी मिळून लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. शर्यतींच्या समीक्षकांनी या ग्रंथातील प्रयोगरचनेवरील प्रकरणे वाचली असती, तर श्रेयाचे वाद बरेच लवकर मार्गी लागले असते.

या वादाचे एक उत्तम उदाहरण मुंबईच्या एका उद्योगसमूहानेच पुरवले आहे. विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर कांदिवली येथे ज्याचा कारखाना आहे, त्या महिंद्रा समूहाने २०११ मध्ये जागतिक मालिकेच्या १२५ घनसेंटिमीटर गटात पदार्पण केले आणि पुढच्या वर्षी तो गट बंद होऊन मोटो३ हा २५० घनसेंटिमीटरच्या एकसिलिंडर इंजिनांचा गट सुरू झाल्यावर त्यातही सहभाग कायम ठेवला. मोटो३ मधील पहिला हंगाम निराशाजनक गेल्यानंतर स्वित्झर्लंडमधील सूटर कंपनीच्या साहाय्याने २०१३ साठी नवी गाडी उभी राहिली, आणि त्याच वर्षी मलेशियातील सेपांग येथे मिगेल ओलिव्हेरा याने तिसरा क्रमांक मिळवून महिंद्राला पहिल्यांदा विजयमंचावर नेले. अभिकल्पाचे पुष्कळसे काम युरोपात झाले असले, तरी एका भारतीय कंपनीने जपानी आणि युरोपीय कारखान्यांशी त्यांच्याच मैदानावर सात हंगाम झुंज दिली ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी सांगितली जायला हवी होती तितकी सांगितली गेलेली नाही.

२०१६ मध्ये आस्पार संघातून महिंद्राच्या गाडीवर बान्याया आणि होर्हे मार्तिन हे दोन तरुण एकत्र धावत होते. बान्यायाने २६ जून रोजी नेदरलँड्समधील असेन येथे महिंद्राला पहिला जागतिक विजय मिळवून दिला, ऑक्टोबरमध्ये सेपांग येथे दुसरा मिळवला आणि हंगामाअखेर चौथे स्थान पटकावले. मार्तिनला मात्र त्या वर्षी एकही विजय मिळाला नाही आणि ब्रनो येथील दुसरा क्रमांक हीच त्याची सर्वोत्तम कामगिरी ठरली. यंत्र समान म्हणून उरलेला फरक चालकाचा, हे सूत्र त्या वर्षी लावले असते तर मार्तिन दुय्यम दर्जाचा ठरला असता. आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, हेच दोघे एकाच पिढीच्या डुकाटीवर सर्वोच्च गटात एकमेकांसमोर आले, तेव्हा मार्तिनने ५०८ विरुद्ध ४९८ गुणांनी बान्यायाला मागे टाकून अजिंक्यपद जिंकले, आणि तेही मुख्य शर्यतींत बान्यायाचे ११ व मार्तिनचे तीनच विजय असताना. शनिवारच्या छोट्या शर्यती आणि फारसे न पडता सातत्याने वरच्या क्रमांकांत राहणे यांवर मार्तिनने ते साधले. चांगला चालक म्हणजे अधिक शर्यती जिंकणारा की अधिक गुण जमवणारा, हे आधी ठरवल्याशिवाय समान यंत्रावरील तुलनाही पूर्ण होत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे. बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये झालेल्या भारतातील पहिल्या मोटोजीपी शर्यतीत मार्को बेत्सेक्की पहिला आणि मार्तिन दुसरा आला, आणि हे दोघेही मोटो३ मध्ये महिंद्राच्या गाडीवर धावलेले होते, ही नोंदही येथे करण्याजोगी आहे.

मोटरसायकलीच्या बाबतीत श्रेयाची ही वाटणी मोटारशर्यतीपेक्षा अधिक अवघड होण्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. मोटोजीपीच्या गाडीचे नियमाने ठरलेले किमान वजन १५७ किलो असल्यामुळे पोशाखासह चालक एकूण वस्तुमानाच्या सुमारे तीस टक्के भरतो; मोटो३ मध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात जाते, तर फॉर्म्युला वनच्या मोटारीत चालकाचा वाटा एकदशांशाच्या आसपास असतो आणि तो आसनाला जखडलेला असतो. मोटरसायकलीवरील चालक मात्र ब्रेक लावताना मागे सरकतो, वळणावर आतल्या बाजूला लोंबकळतो, आणि त्यामुळे एकत्रित गुरुत्वमध्य दर क्षणी जागा बदलतो. वळणावर गाडी ६० अंशांनी कलते तेव्हा आदर्श हिशेबाने बाजूच्या दिशेचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १.७ पट असते. प्रत्यक्षात टायरला रुंदी असल्याने जमिनीला टेकणारा भाग कललेल्या बाजूला सरकतो आणि तेवढेच वळण घेण्यासाठी गाडी आणखी कलवावी लागते. चालकाने शरीर आत नेले की हा जास्तीचा कल कमी होतो. चालक हा अशा रीतीने गाडीच्या घडणीचाच एक हलता भाग असतो, आणि त्याला वजा करून उरलेले यंत्र मोजणे मुळातच शक्य नसते.

चालकाने यंत्र बदलले की खरा प्रयोग घडतो, आणि असा सर्वांत गाजलेला बदल व्हॅलेंटिनो रॉसीचा आहे. होंडावर सलग अजिंक्यपदे मिळवल्यानंतर तो २००४ मध्ये यामाहाकडे गेला. २००३ च्या संपूर्ण हंगामात यामाहाला एकही विजय मिळालेला नव्हता, पण रॉसीने दक्षिण आफ्रिकेतील वेलकम येथे पहिलीच शर्यत जिंकली आणि हंगामाअखेर नऊ विजयांसह अजिंक्यपदही घेतले. चालकच सर्वस्व असल्याचा पुरावा म्हणून ही कथा वीस वर्षे सांगितली जात आहे. ती सांगणारे दोन गोष्टी गाळतात. पहिली म्हणजे होंडातील त्याचा मुख्य तंत्रज्ञ जेरेमी बर्जेस हाही त्याच्याबरोबर यामाहात आला होता. दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे रॉसी ज्या गाडीवर बसला ती २००३ ची गाडी राहिलेलीच नव्हती, कारण दरम्यान यामाहाच्या शर्यत विभागाची सूत्रे मासाओ फुरुसावा या अभियंत्याच्या हाती आली होती.

फुरुसावा हे मुळात कंपनशास्त्राचे जाणकार, आणि त्यांनी इंजिनाकडे शक्तीचा स्रोत म्हणून पाहण्याआधी गोंगाटाचा स्रोत म्हणून पाहिले. रांगेतील चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांची वरखाली गती फिरत्या गतीत बदलणारा दंड, असा घडवलेला असतो की बाहेरचे दोन दट्टे सर्वांत वर असताना आतले दोन सर्वांत खाली असतात. दर अर्ध्या फेऱ्यात चारही दट्टे एकाच क्षणी थांबतात आणि पुढच्या पाव फेऱ्यात चारही जवळजवळ कमाल वेगाला पोचतात. थांबलेल्या दट्ट्यांना वेग देण्यासाठी लागणारी गतिज ऊर्जा दंडाच्या फिरण्यातून घेतली जाते आणि दट्टे मंदावताना ती दंडाला परत मिळते, त्यामुळे इंधन जळो वा न जळो, दंडाला मागेपुढे खेचणारा एक पीळ दर फेऱ्यात दोनदा चढतो आणि उतरतो. मिनिटाला १५,००० फेऱ्यांच्या वेगाने हे आंदोलन सेकंदाला ५०० वेळा होते, आणि त्याचा जोर फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वरच्या वेगात तो इंधनज्वलनातून मिळणाऱ्या उपयुक्त पिळालाही झाकोळून टाकतो. तो साखळीवाटे मागच्या टायरपर्यंत जातो, आणि चालकाच्या मनगटाला टायरकडून मिळणारा संदेश या आंदोलनात हरवतो.

यावर फुरुसावांनी केलेला उपाय शालेय त्रिकोणमितीत मावणारा आहे, आणि त्यातच त्याचे सौंदर्य आहे. दंडावरील चार खुंट्या एका प्रतलात न ठेवता एकमेकींशी ९० अंशांच्या कोनात ठेवल्या की दोन दट्टे थांबलेले असताना उरलेले दोन जवळजवळ पूर्ण वेगात असतात. एका जोडीची गतिज ऊर्जा कोनाच्या साइनच्या वर्गाप्रमाणे आणि दुसरीची कोसाइनच्या वर्गाप्रमाणे बदलते, या दोन वर्गांची बेरीज नेहमी एकच असते, म्हणून दट्ट्यांच्या एकूण ऊर्जेत फारसा चढउतार उरत नाही आणि दंडाला खेचणारा तो पीळ जवळपास नाहीसा होतो. उरतो तो फक्त ज्वलनाचा पीळ, म्हणजे चालकाने मुठीने मागितलेला. या रचनेत स्फोटांमधील अंतरे असमान होतात आणि त्यामुळे टायरला सावरायला वेळ मिळतो, असे लोकप्रिय स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले आणि आजही दिले जाते. फुरुसावांचा स्वतःचा भर मात्र गोंगाट कमी करून संदेश स्पष्ट करण्यावर होता. सेपांग येथील चाचणीत रॉसीपुढे वेगवेगळ्या रचनांची चार इंजिने ठेवण्यात आली आणि त्याने याच रचनेचे निवडले. २००९ पासून यामाहाच्या आर१ या रस्त्यावरच्या गाडीतही हीच रचना आली. असे असूनही त्या विजयाच्या कथेत फुरुसावांचे नाव तळटीपेइतकेच उरावे, हा अभियांत्रिकीच्या इतिहासावर झालेला अन्याय आहे.

फुरुसावांच्या यशात या वादाचे खरे उत्तर आहे. त्यांनी दिलेली मुख्य भेट अश्वशक्तीची नव्हती. चालकाला टायरची पकड अधिक बारकाईने जाणवू देणारे यंत्र त्यांनी घडवले, आणि अशा यंत्राचा लाभ ज्याची जाण मुळातच सूक्ष्म आहे त्यालाच सर्वाधिक होतो. चालक आणि यंत्र यांचे वाटे येथे बेरजेने जोडलेले नसून गुणाकाराने गुंफलेले आहेत. याची उलट बाजू डुकाटीवर दिसली. केसी स्टोनरने २००७ ते २०१० या काळात डुकाटीवर २३ शर्यती जिंकल्या आणि पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळवले. रॉसी २०११ मध्ये त्याच कंपनीकडे गेला आणि दोन हंगामांत त्याला एकही विजय मिळाला नाही, तर होंडावर गेलेला स्टोनर त्याच २०११ मध्ये पुन्हा अजिंक्य ठरला. रॉसी कमी प्रतीचा चालक होता असे म्हणावे तर यामाहावरील यश आड येते, आणि डुकाटी वाईट गाडी होती असे म्हणावे तर स्टोनरचे विजय आड येतात. थ्रॉटलने मागचे चाक घसरते ठेवून गाडी वळवण्याची स्टोनरची पद्धत त्या गाडीला मानवत होती आणि पुढच्या चाकावर विश्वास टाकणाऱ्या रॉसीला ती गाडी हवा तो संदेशच देत नव्हती, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. शिवाय २००७ मध्ये डुकाटी ब्रिजस्टोनचे आणि रॉसीची यामाहा मिशेलिनचे टायर वापरत होती, म्हणजे तुलनेत तिसरा घटकही मिसळलेला होता. सर्वांना एकाच कंपनीचे टायर २००९ पासून मिळू लागले.

मार्केस आणि बान्याया यांच्या २०२५ मधील तुलनेलाही हीच मर्यादा आहे. समान गाडी दोघांना समान संदेश देत नाही, आणि विकासाची दिशा ज्याच्या अंगवळणी पडते त्याचा फायदा दर शर्यतीला वाढत जातो. त्यामुळे मार्केसचे मोठेपण कमी होत नाही, कारण होंडावर सहा आणि डुकाटीवर एक अशी दोन भिन्न स्वभावांच्या यंत्रांवरील सर्वोच्च अजिंक्यपदे हा उपलब्ध पुराव्यांतील सर्वांत भक्कम पुरावा आहे. मात्र बान्याया त्याच्या किती पट कमी आहे हे ११ आणि दोन या आकड्यांच्या भागाकाराने ठरत नाही.

पुढील प्रयोगाची मांडणी तर याहून गुंतागुंतीची होणार आहे. महिंद्राने २०१७ अखेर माघार घेतली असली, तरी पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटोने २०२५ मध्ये ऑस्ट्रियातील केटीएमवर नियंत्रण मिळवल्यामुळे मोटोजीपीत धावणाऱ्या एका यंत्राची मालकी महाराष्ट्रात आली आहे. २०२७ पासून इंजिनाची क्षमता १००० वरून ८५० घनसेंटिमीटरवर येईल, धावताना गाडीची उंची कमी करणाऱ्या यंत्रणांवर बंदी येईल, टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे असतील, आणि अनेक चालकांचे करार २०२६ अखेर संपत असल्याने पुष्कळ जण त्याच वेळी संघही बदलतील. यंत्र, टायर आणि चालक हे तिन्ही घटक एकाच हिवाळ्यात बदलल्यामुळे त्या हंगामाचा निकाल कोणाच्या खात्यावर मांडायचा, हे किमान दोन वर्षांच्या शर्यती आणि काही चालकांचे आणखी एखादे स्थलांतर हाती आल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.