आई अकोल्यात एकटी राहू शकेल का?

मुलं पुण्यात, आई अकोल्यात नाहीतर अमरावतीत. दिवाळीला ती पुरणपोळ्या करून वाढते आणि सगळे निर्धास्त परततात. हे निर्धास्तपण फसवं असतं.

अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांच्या गटाने १९६३ मध्ये स्वावलंबन मोजायला सहा कामांची मोजपट्टी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठणं-बसणं, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण. पण घसरण बहुधा त्याआधीच सुरू होते, ती पैसे, औषधं, बाजारहाट, फोन अशा डोकं लागणाऱ्या कामांत. ती मोजायला लॉटन आणि ब्रोडी यांनी १९६९ मध्ये वेगळी पट्टी दिली. म्हणून पुरणपोळीपेक्षा गोळ्यांची पाकिटं, विजेचं बिल आणि पासबुक बघा. तुलना मात्र तिच्या पूर्वीच्या सवयीशी करा. ज्या बाबांनी जन्मात वरण शिजवलं नाही, त्यांना ते आज जमत नाही, हे काही दुखण्याचं लक्षण नव्हे!

चालणं तपासायला एक सोपी चाचणी आहे: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात.

वऱ्हाडची खरी परीक्षा मे महिन्यात असते. पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि उतारवयात तहानेची जाणीव बोथट होते, घामही कमी येतो. भरली बादली उचलून कूलरमध्ये ओतणं तिला जमतं का, हे कुठल्याच पट्टीत नाही. उन्हाळ्यापूर्वी ते बघून घ्यावं. नाही जमलं तर पाणी भरायला माणूस लावावा, लगेच घर बंद करायची गरज नाही.