नरक्याचा काढा आणि पाण्याचे वैर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गडमुडशिंगीतील माझ्या दवाखान्यात एक तरुण शेतकरी कापडी पिशवी घेऊन आला. त्याच्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली होती, पण रोग यकृतापर्यंत पोहोचल्याचे तपासणीत दिसले होते. शहरातील कर्करोगतज्ज्ञांनी इंजेक्शने सुचविली होती. त्या औषधाचे नाव इरिनोटेकान.

पिशवीत लाकडाच्या ढलप्या होत्या. पाहुण्यांनी आंब्याच्या जंगलाकडून आणलेल्या. उग्र वासावरूनच ओळखले, नरक्या!

"डॉक्टरसाहेब, ह्येच्यातनंच ते इंजेक्शन काढत्यात म्हनं. मग घरीच उकळून दिलं तर काय बिघडलं? पैसं बी वाचतील," तो म्हणाला.

वाचकहो, प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. त्याची माहिती बरीचशी खरी होती. चूक होती ती फक्त 'उकळून' या एका शब्दात. ती चूक नीट समजावून घेण्यासाठी आजचा हा लेख.

नंदुरबारचा शास्त्रज्ञ

अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ साली एका चिनी झाडातून 'कॅम्प्टोथेसिन' नावाचे द्रव्य वेगळे करून त्याची रचना जाहीर केली. यांतील वाणी हे आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते पुढे अमेरिकेला गेले. पुढे १९७१ साली याच जोडीने 'टॅक्सॉल' या दुसऱ्या वनस्पतिजन्य औषधाची रचना उलगडली. २०२० साली वाणी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या शोधांवर आधारलेली औषधे जगभरच्या इस्पितळांत रोज वापरली जात होती.

१९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिले की, हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे. तेव्हापासून नरक्याला परदेशी मागणी आली, आणि तस्करांची कुऱ्हाडही. राधानगरी, आंबा, चंदगड या भागांत नरक्याची चोरटी तोड झाल्याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांतून वाचल्या आहेतच.

दोन पेले

मी त्या तरुणाला बसवून घेतले आणि घरातून पाण्याचे दोन पेले मागविले. एकात गुळाचा खडा टाकला, दुसऱ्यात चमचाभर हळद. दोन्ही ढवळून बाजूला ठेवले. गूळ पाण्यात एकजीव झाला. हळद मात्र थोड्या वेळाने तळाशी जाऊन बसली. तीच हळद फोडणीच्या तेलात टाका, तेल लगेच पिवळे होते. काही द्रव्यांचे पाण्याशी सख्य असते, तर काहींचे तेलाशी.

आपले रक्त म्हणजे मुख्यतः पाणीच. जे औषध पाण्यात विरघळत नाही, ते शिरेतून द्यायचे कसे? त्याचे कण एकमेकांना चिकटले तर बारीक रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका. तोंडाने दिले तर आतड्यातून पुरेसे शोषले जाईल याची खात्री नाही.

कॅम्प्टोथेसिनची अडचण नेमकी हीच होती. त्याचा रेणू सपाट, पाच कड्यांचा. थापलेल्या शेण्या एकावर एक रचाव्यात तसे हे रेणू एकमेकांवर घट्ट बसतात आणि पाण्याला आत शिरू देत नाहीत.

पहिला प्रयत्न फसला

शास्त्रज्ञांनी मग एक युक्ती केली. रेणूच्या पाचव्या कडीला अल्कलीचा, म्हणजे खारट सोड्यासारख्या द्रव्याचा, संपर्क झाला की ती उघडते. उघडलेला रेणू पाण्यात छान विरघळतो. अशा रूपातले औषध १९७० च्या सुमारास अमेरिकेत रुग्णांना देऊन पाहिले. परिणाम निराशाजनक निघाला. औषधाची सारी ताकद त्या बंद कडीतच होती. ती उघडताच औषध जवळजवळ निकामी झाले. त्यातही दुर्दैव असे की, लघवी आम्लधर्मी असल्याने मूत्राशयात ती कडी पुन्हा मिटे, आणि औषध नको त्या जागी जागे होई. रुग्णांना लघवीची जळजळ होऊन रक्त पडू लागले. कुणाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, कुणाला तीव्र जुलाब झाले. १९७२ साली चाचण्या थांबवाव्या लागल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंगणातल्या सदाफुलीपासूनही रक्ताच्या कर्करोगावरची औषधे मिळतात. त्या द्रव्यांचे सल्फेट क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून त्यांची इंजेक्शने लवकर तयार झाली. नरक्याच्या द्रव्याला ती सोय नव्हती.

चऱ्हाटाचा पीळ

१९८५ साली या औषधाचे काम कसे चालते ते कळले. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा दोन पदरी दोर असतो. पेशी दुभंगताना हे पदर उलगडावे लागतात. दोन पदरी चऱ्हाट मधूनच उलगडू लागलो की पुढे पीळ घट्ट होत जातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पेशीतले एक विकर एक पदर कापते, पीळ सैल करते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके हे सांधणेच अडवते. पदर तुटलेलाच राहतो आणि झपाट्याने वाढणारी पेशी मरते.

मारा कुठे करायचा हे कळल्यावर शास्त्रज्ञ पुन्हा उत्साहाने कामाला लागले. या वेळी त्यांनी पाचव्या कडीला हात लावला नाही. रेणूच्या दुसऱ्या टोकाला पाण्याशी सख्य असलेली एक शेपटी जोडली. त्यातून इरिनोटेकान तयार झाले. ही शेपटी केवळ प्रवासापुरती. शरीरात, मुख्यतः यकृतात, ती तुटते आणि खरे जहाल औषध मोकळे होते. जपानमध्ये हे औषध १९९४ साली आणि अमेरिकेत १९९६ साली वापरात आले. त्याच वर्षी अमेरिकेत टोपोटेकान या भावंडालाही मान्यता मिळाली. १९६६ चा शोध रुग्णाच्या शिरेपर्यंत पोहोचायला जवळजवळ तीस वर्षे लागली, ती मुख्यतः या पाण्याच्या वैरामुळे!

टॅक्सॉलची कथाही अशीच. ते पाण्यात विरघळेना, म्हणून एरंडेलापासून बनविलेले एक द्रव्य आणि अल्कोहोल यांत मिसळून द्यावे लागले. त्या मिश्रणाने काही रुग्णांना तीव्र अॅलर्जी होई. म्हणून आधी स्टिरॉइड व अॅलर्जीविरोधी औषध देण्याची पद्धत पडली, ती आजही आहे. २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नव्या प्रकारात हेच औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाच्या अतिसूक्ष्म कणांत बांधलेले असते, त्यामुळे त्या तेलाची गरज उरली नाही. इरिनोटेकानही आता चरबीच्या सूक्ष्म पुड्यांत भरून स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी देतात.

मग काढ्याचे काय?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. नरक्या उकळला तर द्रव्य बहुतांशी चोथ्यात राहील. पाण्यात किती उतरले हे सांगणे अशक्य. एका झाडात कमी, दुसऱ्यात जास्त. कमी उतरले तर उपयोग शून्य आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया. जास्त उतरले तर हे विष आहे. रक्तपेशी घटतील, जुलाब लागतील. इंजेक्शनाचा डोस रुग्णाची उंची व वजन पाहून मिलिग्रॅममध्ये काढतात. काढ्याला असले माप कुठले? शिवाय काढ्यात आहे ते मूळ द्रव्य, इंजेक्शनात आहे ते सुधारलेले. दोन्ही एक नव्हेत.

हळदीविषयीही पुष्कळजण विचारतात. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत कर्कपेशींवर परिणाम दाखवते हे खरे. पण ते रक्तात फारच थोडे पोहोचते. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले की मिऱ्यातील पायपेरिन सोबत दिल्यास ते माणसात सुमारे वीसपट अधिक शोषले जाते. पण तेच पायपेरिन इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही बिघडवू शकते. आमटीतली हळद-मिरी खुशाल खावी. मात्र कॅन्सरची इंजेक्शने चालू असताना हळदीच्या गोळ्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत.

इरिनोटेकान चालू असलेल्यांच्या घरच्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुलाब सुरू झाल्यास 'उद्या बघू' म्हणू नये. तज्ज्ञांनी लिहून दिलेली गोळी त्याच वेळी सुरू करावी, मीठ-साखरेचे पाणी द्यावे आणि कळवावे. ताप आला तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावे.

त्या तरुणाने पिशवी माझ्याकडेच ठेवली. वडिलांची इंजेक्शने सुरू झाली. दुसऱ्या खेपेनंतर मध्यरात्री जुलाब लागले, तेव्हा त्याने सकाळची वाट न पाहता फोन केला आणि वेळेवर सलाईन लागले. रोग समूळ गेला असे मी म्हणणार नाही; या अवस्थेत तसे आश्वासन कोणी देऊ नये. पण यकृतावरच्या गाठी लहान झाल्या आहेत, आणि परवा म्हातारबाबा स्वतः चालत दवाखान्यात आले. खुर्चीवर टेकताच म्हणाले, "त्या ढलप्या हाईत का अजून? वास लई वाईट हुता."

झाड आपले, शोधात वाटा आपल्या माणसाचा, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण झाडापासून औषधापर्यंतची वाट तीस वर्षांची आहे. ती चुलीवरच्या पातेल्यात एका तासात पार होत नाही.