लॅपटॉपची रॅम वाढवायची? आधी रिकामा स्लॉट शोधा

दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेशाची धावपळ संपली की घरात पुढचा विषय निघतो तो लॅपटॉपचा. बीसीए असो, इंजिनिअरिंग असो की बी.कॉम., आता त्याच्यावाचून भागत नाही. फ्रीज घ्यायचा तर आपण चार दुकाने फिरतो, शेजारच्या आपांना विचारतो. लॅपटॉपच्या दुकानात मात्र समोरचा माणूस आकडे सांगत जातो आणि आपण मान डोलावत जातो. त्यातल्या एकाच आकड्याबद्दल आज लिहायचे आहे, कारण हजारो रुपयांचा फरक तिथेच पडतो. तो आकडा म्हणजे रॅम.

लॅपटॉपमध्ये सामान ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक म्हणजे कपाट, ज्याला एसएसडी किंवा हार्ड डिस्क म्हणतात. फोटो, फाइली, प्रोग्राम सगळे तिथे कायमचे राहते. दुसरी जागा म्हणजे दस्तरखान, आणि ती रॅम. काम चालू असेपर्यंत जे लागते ते कपाटातून काढून दस्तरखानावर मांडले जाते आणि लॅपटॉप बंद झाला की तो झाडून गुंडाळून ठेवला जातो. दस्तरखान लहान असला तर नवीन ताट ठेवण्यासाठी आधीचे उचलावे लागते. ही उचल-ठेव सुरू झाली की लॅपटॉप ‘हँग’ होतो.

विंडोज ११ साठी कंपनीने सांगितलेली किमान रॅम ४ जीबी आहे, पण तेवढ्यात फक्त दिवा लागतो, काम होत नाही. टायपिंग, ऑनलाइन वर्ग, प्रेझेंटेशन, इंटरनेट यांना ८ जीबी चालते. मोबाइलचे ॲप बनवणे, इमारतींचे आराखडे, व्हिडिओ एडिटिंग असले काही अभ्यासक्रमात असेल तर १६ जीबी धरून चला. बारावीनंतर कॉमर्सला गेलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी ३२ जीबी घेऊन देणाऱ्या पालकांना मी तरी तो पैसा फीसाठी ठेवा असेच सांगेन.

आता मुख्य मुद्दा. रॅम स्वस्तात वाढेल की नाही, हे बहुतेक वेळा लॅपटॉप घेतानाच ठरून गेलेले असते. काही लॅपटॉपमध्ये रॅम ही बोटभर लांबीची वेगळी पट्टी असते. ती स्लॉटमध्ये बसते, निघते, बदलता येते. काहींमध्ये ती मुख्य बोर्डावरच डाग देऊन कायमची जोडलेली असते. पातळ, हलक्या, दिसायला सुबक लॅपटॉपमध्ये हाच दुसरा प्रकार जास्त आढळतो. ॲपलच्या सध्याच्या कुठल्याही मॅकबुकमध्ये नंतर रॅम वाढवताच येत नाही. माहितीपत्रकात ‘एलपीडीडीआर’ अशी अक्षरे दिसली तर ती रॅम जवळजवळ नक्कीच चिकटवलेली आहे असे समजा. सुरुवातीचे ‘एलपी’ नसून नुसते ‘डीडीआर ४’ किंवा ‘डीडीआर ५’ असेल आणि शेजारी ‘सोडिम’ हा शब्द असेल तर ती काढता येणारी पट्टी आहे. कित्येक मॉडेलमध्ये मधला मार्ग असतो : ८ जीबी बोर्डावर पक्की आणि शेजारी एक स्लॉट मोकळा.

म्हणून दुकानात ‘रॅम किती?’ एवढेच विचारून थांबू नका. स्लॉट किती आहेत, त्यातले रिकामे किती आणि जास्तीत जास्त किती जीबीपर्यंत नेता येते, हेही विचारा. हे सगळे कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. दुकानदार ‘हो जाएगा, टेन्शन मत लो’ म्हणाला तरी मोबाइलवर ते पान उघडून दाखवायला सांगा. एक बारीक गोष्ट आणखी : ८ जीबी ही एकाच पट्टीत आहे की ४ अधिक ४ अशा दोन पट्ट्यांत? दोन्ही स्लॉट चार-चारने भरलेले असतील तर १६ करण्यासाठी निदान एक चांगली पट्टी काढून फेकावी लागते, आणि त्या जागी मोठी पट्टी विकत घ्यावी लागते.

लॅपटॉप घरी आलाच असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केले की रॅमचा वेग आणि दोनपैकी किती स्लॉट वापरात आहेत हे बहुधा तिथेच दिसते. चिकटवलेल्या रॅममुळे हा स्लॉटचा आकडा कधी फसवा निघतो, म्हणून तो माहितीपत्रकाशी ताडून पाहा. नेहमीचे काम चालू असताना मेमरी किती टक्के भरते तेही याच पानावर कळते. ती साठ-पासष्ट टक्क्यांच्या आत राहत असेल तर नवी रॅम घालून फरक पडणार नाही. लॅपटॉप सुरू होतानाच आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम बंद करून पाहा, त्याला एक पैसाही लागत नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची अम्मी भेटली. घरी शिलाईकाम करतात. भिशीचा नंबर लागला होता आणि त्या पैशांत मुलीला बीसीएसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. दुकानदाराने सांगितले, आठ जीबीवाला सहा महिन्यांत रडेल, सोळावाला घ्या, वरचे पैसे नो-कॉस्ट ईएमआयवर करून देतो. त्यांचा प्रश्न साधा होता : “मॅडम, ब्याज नाही म्हणतोय, मग घ्यायला काय हरकत?”

हरकत अशी की ते व्याज कुठेही गेलेले नसते. कार्डावरच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता सवलत म्हणून आधी कमी करून दाखवतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो आपल्याच खिशातून जातो, प्रोसेसिंग फी असेल तर तीही. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच अस्तित्वात नाही. ज्या घरात सूद टाळायचा हे ठरलेले आहे, त्या घराने हा कागद सही करण्याआधी नीट वाचावा.

त्या बाईंना मी दुसरा हिशोब मांडून दाखवला. समजा ८ आणि १६ जीबीच्या दोन मॉडेलमध्ये ८,००० रुपयांचा फरक आहे. त्याच कंपनीचा, तोच प्रोसेसर असलेला, पण एक स्लॉट रिकामा असलेला ८ जीबीचा लॅपटॉप आज रोख घेतला आणि बाजारात ८ जीबीची पट्टी बसवणावळीसह ५,००० ला पडत असेल, तर ३,००० वाचले. शिवाय ते ५,००० आजच द्यायचे नाहीत. पहिले सत्र तर आठ जीबीवर आरामात निघते. त्यांनी तसेच केले. मात्र १६ च्या मॉडेलमध्ये प्रोसेसर किंवा एसएसडीही मोठी असेल तर हा हिशोब लागू होत नाही, मग फरक कशाकशाचा आहे ते वेगळे करून पाहावे लागते.

आणि हा हिशोब दर वेळी पट्टीच्याच बाजूने झुकेल असेही नाही. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी प्रचंड वाढली, कारखाने तिकडे वळले आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर भडकले. त्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. भाव चढे असताना दुकानात जुन्या भावाने आलेला १६ जीबीचा तयार लॅपटॉप पट्टीपेक्षा स्वस्त पडू शकतो. तेव्हा भाचा दोन वर्षांपूर्वी काय म्हणाला होता त्यावर जाऊ नका. त्याच दिवशी दोन्ही भाव काढा आणि वजाबाकी करा.

पट्टी घेताना डीडीआर ४ च्या जागी डीडीआर ५ बसत नाही, दोघींची खाच वेगळ्या ठिकाणी असते. डेस्कटॉपची लांब पट्टीही चालत नाही. वेग कमी-जास्त असला तर दोन्ही पट्ट्या कमी वेगाने चालतात, त्यामुळे ३२०० च्या जोडीला महाग वेगवान पट्टी घेणे म्हणजे पैसे वाया. ब्रँड वेगळा असला तरी सहसा बिघडत नाही. एकाऐवजी दोन पट्ट्या झाल्या की लॅपटॉप दोन्हींकडून एकदम माहिती उचलतो, हा फायदा वर मिळतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनजवळ, रॅमची दुकाने ओळीने आहेत. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे काढू नका. वापरलेली पट्टी स्वस्त मिळते आणि रॅम एसएसडीसारखी वापराने झिजत नाही, त्यामुळे तिला नाक मुरडायचे कारण नाही. फक्त लेबल बदलून विकणारेही असतात. लॅपटॉप तिथेच सुरू करून सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये कंपनी आणि वेग जुळतो का पाहा, बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. नवीन असेल तर जीएसटीचे बिल आणि त्यावर पट्टीचा सीरियल नंबर हवाच. वॉरंटी त्याशिवाय मिळत नाही.

झाकण उघडले तर लॅपटॉपची वॉरंटी जाते का, हे कंपनीगणिक वेगळे असते. ग्राहक सेवेला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. अधिकृत सेवा केंद्रात बसवून घेतले तर थोडे जास्त पडतील, पण नव्या लॅपटॉपला तेच बरे. घरचाच एखादा जाणता मुलगा बसवणार असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर, शक्य असेल तर आतल्या बॅटरीची जोडणी सोडवलेली, आणि हात लावण्याआधी एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज घालवलेली असावी. पट्टी तिरकी आत सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक’ असा आवाज येतो.

पहिल्यांदा सुरू करताना, विशेषतः डीडीआर ५ असेल तर, पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. लॅपटॉप नव्या रॅमची ओळख करून घेत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका. सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये नवा आकडा पाहा आणि रात्री झोपताना विंडोजमधलीच मेमरी डायग्नोस्टिक ही तपासणी लावून द्या. त्यात चूक निघाली तर दुसऱ्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जा. तिथे कोणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.