विशेषण एक, रूपे अकरा

संगणकाच्या पडद्यावरच्या इंग्रजी सूचना पोलिश भाषेत आणणाऱ्यांना छळणारा एक शब्द म्हणजे ‘न्यू’. शाळकरी पोरालाही कळेल इतका सोपा. पण यादीत तो एकटाच समोर आला की भाषांतरकाराचा हात थबकतो. न्यू, पण काय? फाइल असेल तर ‘नोवि’, कारण फाइलला पोलिशमध्ये ‘प्लिक’ म्हणतात आणि तो पुल्लिंगी आहे. संदेश असेल तर ‘नोवा’, कारण ‘व्यादोमोश्च’ स्त्रीलिंगी. आणि खिडकी असेल तर ‘नोवे’, कारण ‘ओक्नो’ नपुंसकलिंगी. ‘गेटटेक्स्ट’सारख्या भाषांतराच्या प्रणालींमध्ये शब्दाशेजारी त्याचा संदर्भ नोंदवण्याची सोय आहे, ती अशाच अडचणींसाठी.

मराठी वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. नवा, नवी, नवे हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. फरक इतकाच की मराठीने एक पळवाट ठेवली आहे: ‘नवीन’. लिंग बदला, वचन बदला, हा गडी जागचा हलत नाही. सुंदर, लाल, कठीण ही मंडळीही त्याच पंगतीतली. पोलिशमध्ये ‘सुपर’, ‘ब्लाँड’ असे मोजके उपरे शब्द सोडले तर ही सवलत कुणालाच नाही. बाहेरून आलेला ‘इंटरनेट’सुद्धा विशेषण व्हायचे म्हटले की ‘इंतेर्नेतोवि’ होतो आणि मुकाट्याने चालवला जातो.

लिंगावरच भागले असते तर बरे होते. पोलिशमध्ये विभक्ती सात, आणि नामाबरोबर विशेषणही प्रत्येक विभक्तीला कपडे बदलते. वॉर्सात ‘नोवि श्व्यात’, म्हणजे नवे जग, या नावाचा प्रसिद्ध रस्ता आहे. एखादे दुकान त्या रस्त्यावर असेल तर ते ‘ना नोविम श्व्येचे’ असते, आणि तिथून निघालेला माणूस ‘ज नोवेगो श्व्यातु’ येतो. त्याच शहरात ‘नोवे म्यास्तो’ आहे, नाव नवे शहर आणि वय सहा शतकांच्या आसपास. क्राकूवला १९४९ मध्ये पोलाद कारखान्याबरोबर ‘नोवा हुता’ वसवायला घेतली. तिथे राहणारे ‘नोवेय हुचे’मध्ये राहतात. नकाशावरचे नाव आणि माणसांच्या तोंडचे नाव जुळत नाही, ही पाहुण्याची नेहमीची तक्रार. आपल्याकडे ‘नव्या मुंबईत’ म्हणायला हवे, पण सगळे बिनधास्त ‘नवी मुंबईत’ म्हणतात आणि कुणाचे काही बिघडत नाही. पोलिश कानाला ही ढिलाई चालत नाही.

सगळी रूपे मोजली तर ‘नोवि’ची अकरा भरतात. अनेकवचनात तर आणखी एक भेद आहे. नव्या विद्यार्थिनी, नवी कुत्री, नवी यंत्रे या सगळ्यांना ‘नोवे’ चालते. पण घोळक्यात एक जरी पुरुष माणूस असला की ‘नोवी’च म्हणावे लागते. शंभर बायकांत एक बुवा आला की व्याकरण त्या बुवाच्या बाजूने उभे राहते. यावर काय बोलावे ते ज्याचे त्याने ठरवावे.

इंग्रजी जिथे दोन नामे शेजारी ठेवून मोकळी होते, तिथे पोलिश नवे विशेषण घडवते, हा तर तिचा खरा थाट. हे बघायला पोलंडमधल्या स्वस्त खानावळीत जावे. तिचे नावच ‘बार म्लेच्नि’, दुधाचा बार. फळ्यावर लिहिलेले असते: पोमिदोरोवा, ओगुर्कोवा, ग्झिबोवा. म्हणजे टोमॅटोचे, काकडीचे, अळंब्यांचे. काय, ते लिहीतच नाहीत; ‘झुपा’ म्हणजे सूप स्त्रीलिंगी, म्हणून शेवटचा ‘आ’ सगळे सांगून टाकतो. तोच टोमॅटो रसात गेला की ‘सोक पोमिदोरोवि’ होतो, कारण रस पुल्लिंगी.

आडनावांतही हेच. मारिया क्युरी यांचे माहेरचे आडनाव स्क्वोदोव्स्का, पण त्यांचे वडील आणि भाऊ स्क्वोदोव्स्की. एकाच घरातली माणसे, आडनाव विशेषणासारखे चालणारे, म्हणून बाप-लेकीचे शेवटचे अक्षर वेगळे. फुटबॉलपटू रॉबर्ट लेवांडोव्स्कीने गोल केला की पोलिश वर्तमानपत्रात तो गोल ‘लेवांडोव्स्क्येगो’ या नावाने छापून येतो, आणि त्याची पत्नी लेवांडोव्स्का असते.

इंग्रजी विशेषण जे झाकून ठेवते ते पोलिश उघडे करते. ‘आय अॅम टायर्ड’ म्हणणारा बाप्या की बाई, इंग्रजीत कळत नाही. पोलिशमध्ये पुरुष ‘ज्मेंचोनि’ आणि बाई ‘ज्मेंचोना’. मराठीतल्या ‘दमलो’ आणि ‘दमले’सारखेच. इंग्रजी कादंबरीतला निवेदक शेवटपर्यंत स्त्री की पुरुष हे गुलदस्त्यात ठेवायचे असेल, तर पोलिश भाषांतरकाराची पहिल्या पानापासून कसरत सुरू होते. ‘मॅरिड’चे तर दोन वेगळेच शब्द: लग्न झालेला पुरुष ‘झोनाति’, म्हणजे बायको असलेला, आणि बाई ‘जामेंझ्ना’, ज्यात ‘मोंझ’ म्हणजे नवरा दडलेला आहे. रंगांचेही तसेच. तांबडा ‘चेर्वोनि’, पण तांबूस केसांचा माणूस, कोल्हा, खार हे सगळे ‘रुदि’. भिंत राखाडी असली तर ‘शारि’, डोके पिकले तर ‘शिवि’. डोळ्यांचा पिंगट रंग ‘पिवने’, ‘पिवो’ म्हणजे बिअर, तिच्यावरून.

क्रमही गंमत करतो. ‘म्वोदा पान्ना’ म्हणजे तरुण मुलगी. तेच शब्द उलटून ‘पान्ना म्वोदा’ म्हटले की बोहल्यावरची नवरी. साधारणपणे गुण सांगणारे विशेषण नामाआधी येते आणि प्रकार ठरवणारे नामानंतर.

मराठी माणसाने पोलिश शिकायला घेतली तर बहुतेक पुस्तके इंग्रजीतूनच हाती लागतात. ती पुस्तके लिंगभेद, रूपे हे सगळे अगाध संकट असल्यासारखे समजावत बसतात. ती पाने मराठी वाचकाने खुशाल भराभर उलटावीत. वेळ द्यावा तो विभक्तींना आणि त्या ‘नोवी’-‘नोवे’च्या भानगडीला. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या: पोलिश शब्दकोशात विशेषण फक्त पुल्लिंगी एकवचनात सापडते. वाचताना ‘नोविख’ किंवा ‘नोवेमु’ भेटले, तर शोध ‘नोवि’खालीच घ्या.