बाहुलीच्या जटा

वर्ध्याच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगातून सेवाग्रामला आलेल्या बाहुलीचे केस पाहिल्यावर कोणाचाही हात प्रथम कात्रीकडेच वळावा, इतक्या त्यांच्या जटा झालेल्या असतात. परंतु मनुष्याचे केस कापले तरी पुन्हा वाढतात, आणि मऊ प्लॅस्टिकच्या डोक्यात यंत्राने ओवलेली बट मात्र एकदा गेली की कायमची गेली. सबब कात्री प्रथम पेटीत बंद करावी, हे उत्तम.

दुसरा मोह खोबरेल तेलाचा. केस म्हटले की आपल्या घरांतून तेलाची वाटी आपोआप पुढे येते. परंतु हे केस बहुधा नायलॉनचे किंवा तत्सम कृत्रिम तंतूंचे असतात, ते तेल पीत नाहीत, आणि वर राहिलेल्या तेलात इकडच्या काळ्या जमिनीची बारीक धूळ असा काही ठाण मांडते की मूळचा गुंता बरा म्हणावा. म्हणून कोमट पाण्यात सौम्य साबण घेऊन, डोळे मिटणारी बाहुली असल्यास डोक्यात पाणी शिरून आतील लोखंडी वजन गंजू नये एवढ्यासाठी तिला उलटी धरून, केवळ केसच भिजवावेत; आणि मग विरळ दातांच्या कंगव्याने, बट मुळाशी चिमटीत घट्ट धरून, टोकाकडून आरंभ करून बोट-बोट वर सरकत जावे. मुळापासून विंचरू पाहणारा प्रत्येक ओढीबरोबर वरचा गुंता खालच्यावर नेऊन बसवतो, आणि अखेरीस जी गाठ पडते ती कोणालाच सुटत नाही. हे काम संथ आहे खरे. पण पहिली बट मोकळी होऊन तिचा मूळचा तपकिरी रंग दिसतो, त्या क्षणीचा आनंद मला कोणत्याही तयार वस्तूने दिलेला नाही.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी नई तालीम ही शिक्षणपद्धती निघाली, आणि आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामच्या भूमीवर जिची जोपासना केली, तिच्यात उद्योग आणि ज्ञान यांच्या समवायावर भर होता. टकळीवर सूत काढता काढताच मुलाला कापूस, हवामान आणि हिशेब यांची ओळख व्हावी, अशी ती योजना. बाहुलीचे केस हाती असताना मला तिचे स्मरण वारंवार होते. विंचरूनही टोके पिंजारलेलीच का राहतात, हा प्रश्न बोटांनाच पडतो. आणि घर्षणाने ताणून वेडावाकडा झालेला तंतू उष्णतेने मऊ होतो, निवताना दिलेला आकार धरतो, हे कळले की गरम पाण्याची तजवीज आपोआप सुचते. तथापि तंतूची जात ठाऊक नसल्यास मानेजवळच्या एका लपलेल्या बटेवरच प्रयोग करावा, कारण फाजील उष्णतेने आखडलेले केस पूर्ववत होत नाहीत.

बाहुलीच्या झग्याच्या बाबतीत क्रम उलटा. जीर्ण सुती कापड आधी धुतले तर फाटके छिद्र पाण्यात वाढते, म्हणून प्रथम सुई, मागाहून पाणी. रफूसाठी बाजारचा दोरा कितीही रंग जुळवून आणला तरी नवाच दिसतो. शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडातूनच एकेक धागा ओढून काढला, तर तो झग्याबरोबर तितकाच वापरलेला असल्याने बेमालूम मिसळतो. जेथे कापडच उरले नाही तेथे जुन्या खादीचे ठिगळ लावावे आणि ते लपवू नये. लुगड्याला दंड घालणाऱ्या आपल्या आज्यांनी तरी तो कधी लपवला होता? केसांविषयी आणखी एक: मागे पडलेले टक्कल नवे केस ओवून भरता येते, पण दोन वेण्या घातल्याने ते झाकले जात असेल, तर डोक्याला नवी भोके पाडणे मला मंजूर नाही.

राहता राहिले झग्याचे गंजलेले टिचबटण. त्याचा तांबूस डाग कापडात उतरतच जातो, म्हणून ते उसवून काढावे आणि त्याच्या जागी सुती बंद लावावेत.