नऊ वीसची गाडी

पहाटे पाच. वाईला डिसेंबरात कृष्णेचं पाणी पायाला चावतं. घाटाच्या शेवटच्या पायरीवर रेंगाळायचं नाही, सरळ उतरायचं, हे ठाऊक असूनही मी रोज रेंगाळायचो. साल १९५७, माझं अकरावीचं. कागदोपत्री परीक्षा एस.एस.सी.ची, पण गावाकडं भेटेल तो ‘यंदा मॅट्रिक ना?’ असंच विचारी.

साडेसहाला खोलीत तिघांचा कालवा. एक जण संस्कृतची रूपं घोकतोय, दुसरा भूमितीची प्रमेयं, आणि मी तर्खडकरांच्या पाठमालेतली वाक्यं. तेव्हा मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून. चार वर्षांत अख्खी भाषा गिळायची, ती ओरडल्याशिवाय घशाखाली उतरत नसे. फार झालं की घरमालकीणबाई पलीकडून भिंतीवर लाटणं आपटत.

नऊला स्टँड. आमचा दिवस खरा इथं सुरू व्हायचा. खोऱ्यातल्या गावांतून शिकायला आलेली आम्ही वीसेक पोरं तिथं टोळकं करून उभी असायचो. संध्याकाळची मुक्कामी गाडी आमचे रिकामे डबे घेऊन जायची, रात्री गावात थांबायची आणि सकाळी नऊ वीसला भरलेले डबे घेऊन परत यायची. प्रत्येकाचे डबे दोन. एक इथं, एक तिथं. गावात हायस्कूल नाही आणि खाणावळ परवडत नाही, अशा घरांची पोरं या एस.टी.वर शिकली. ती नसती तर माझं शिक्षण सातवीलाच संपलं असतं, हे मी आजही मोजूनमापून सांगेन.

माझ्या पितळी डब्याच्या कडीला आईनं लुगड्याच्या काठाची हिरवी चिंधी बांधली होती. झाकणावर माझं नाव कोरलेलं होतं, पण ते तिला वाचता येत नव्हतं. आत फडक्यात सहा भाकऱ्या, वर खरडा नाहीतर शेंगदाण्याची चटणी. दोन भाकऱ्या शाळेआधी, एक मधल्या सुट्टीत, तीन रात्री. रात्रीपर्यंत कडा लाकडासारख्या व्हायच्या. मग पापुद्रा सोडवून तो आधी खायचा आणि कडा घरमालकीणबाईंनी दिलेल्या ताकात भिजत घालायच्या.

त्या बुधवारी नऊ वीसला गाडी आली नाही. दहा झाले, साडेदहा झाले. ओढ्याच्या उतारावर उसाच्या गाडीचा आख मोडलाय, रस्ता बंद आहे, असं एका सायकलवाल्यानं सांगितलं. पोरं एकमेकांकडं न बघता पांगली.

अकराला घंटा. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. प्रार्थना, हजेरी. मुली सात. त्या सरांच्या मागून वर्गात यायच्या आणि सरांच्या मागूनच जायच्या. चार वर्षांत त्यांतल्या एकीशीही मी बोललो नाही. मागच्या बाकांवर अजून नेहरूंचाच विषय. ३० नोव्हेंबरला ते प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला इथूनच गेले होते आणि पसरणी घाटात संयुक्त महाराष्ट्रवाले काळी निशाणं घेऊन उभे होते. कोण किती पुढं उभा होता, याचे आकडे रोज वाढत होते.

साडेबाराला विज्ञान. सर रशियाच्या दुसऱ्या स्पुटनिकबद्दल सांगत होते. महिन्यापूर्वी त्यातून लायका नावाची कुत्री वर धाडली होती. माझ्या पोटात सकाळपासून पाणीच. मी उठून विचारलं, ‘‘सर, तिला खायला काय?’’ वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, ‘‘खाणं बरोबर दिलं होतं. परत आणायची सोय नव्हती.’’

दोनला मधली सुट्टी. खिशात एक आणा. एप्रिलपासून नवे पैसे आले होते आणि हिशेबाचा घोळ सुरू झाला होता. आण्याचे सहा नवे पैसे, पण पावलीचे पंचवीस. म्हणजे आणा-आणा चारदा दिला तर चोवीसच भरतात आणि एक पैसा कुठं जातो ते कुणाला सांगता येत नाही. फुटाणे घ्यायचे की आणा ठेवायचा, अशा विचारात असताना बाकावरच्या मित्रानं हात धरला. ‘‘घरी चल, आई वाढेल.’’

आईनं वाढलं. वरणभात, वर तुपाची धार, पोट भरेस्तोवर. मित्र आत पाटावर बसला, माझं ताट ओसरीवर आलं. जेवून मी ते विहिरीवर घासलं आणि पायरीवर उपडं घातलं. कुणी सांगितलं नव्हतं, मला ठाऊक होतं. त्या माउलीनं ‘अजून घे रे’ म्हणत तीनदा भात वाढला, तोही उंबऱ्याच्या आतून हात लांबवून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि इतक्या वर्षांत मला त्यांची बेरीज करता आलेली नाही.

दुपारचे तास कसे गेले, आठवत नाही. भात अंगावर आला होता.

साडेपाचला धावत स्टँड गाठला. गाडी तीनच्या सुमाराला आली होती आणि डबे बाकड्याखाली ओळीनं मांडलेले होते. हिरवी चिंधी लांबूनच दिसली. सव्वासहाला तीच गाडी मुक्कामाला निघाली. मी कालचा रिकामा डबा वर दिला. कंडक्टरमामा म्हणाले, ‘‘तुझी आई फाट्यावर उभी असंल बघ. सकाळपासनं घोर लागलाय तिला. काय सांगू?’’

‘‘जेवलो म्हणावं.’’

‘‘कुठं?’’

‘‘जेवलो म्हणावं, मामा.’’

आठला हॉटेलबाहेर गर्दी. बुधवार म्हणजे रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला. आत बसायचं तर चहा घ्यावा लागे. बाहेर रस्त्यावर उभं राहून अमीन सयानींचा आवाज फुकट. गाणी वाजत गेली आणि मी खिशातला आणा बोटांनी फिरवत राहिलो.

दहाला खोलीवर आलो. दोघं झोपले होते. कंदील पुढं ओढून डबा उघडला. सकाळच्या भाकऱ्या पार वातड झाल्या होत्या. दोन खाल्ल्या, चार उरल्या. उंदरांच्या भीतीनं डबा दोरीनं आढ्याला टांगला आणि कंदिलाची वात बारीक केली.